स्वस्तात मिळालेली गाडी सत्तावीस क्विंटल कापूस खाऊन गेली



मागच्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावरचे बोलणे संपले, लोक चहाला उठले, तेव्हा मी मंडपाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या. चौदा पिकअप, सहा व्हॅन आणि तीन छोटे हत्ती. तेवीसपैकी शोरूममधून नवी घेतलेली एकच. बाकीच्या बावीस कोणाच्या तरी वापरून झाल्यावर आपल्या दारात आलेल्या. बैठक उठली तेव्हा त्यातल्या दोन धक्का मारून सुरू कराव्या लागल्या. धक्का मारणाऱ्यांत मीही होतो.

आत बसून आपण बियाण्यापासून वेचणीपर्यंत पै-पैचा हिशेब मांडतो. सरकारचा आयोग खर्चात काय धरतो आणि काय गिळतो, हे आपल्यातला आठवी पास माणूस फळ्यावर लिहून दाखवतो. आणि बाहेर येऊन त्याच माणसाला विचारा, "भाऊ, ही गाडी तुला वर्षाला केवढ्याला पडते?" तो हसतो आणि म्हणतो, "चालते की!"

माझे भांडण या 'चालते की'शी आहे. मी स्वतः तीन वर्षे तेच म्हणत होतो, म्हणून बोलण्याचा मला अधिकार आहे.

आधी हे सांगतो की जुनी गाडी घेणारा शेतकरी मूर्ख नसतो. शहरातल्या शहाण्यांनी तसे म्हणण्याआधी आमच्या गावी येऊन पाहावे. गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला क्विंटलमागे तीनशे-चारशे कमी देतो, काट्यात मारतो ते वेगळेच. भाड्याची गाडी हंगामात मागितली तर 'परवा पाठवतो' म्हणतात, आणि तो परवा आठवड्यानंतर उगवतो. घरात कापूस पडलेला, त्याच खोलीत पोरे झोपलेली, अंगाला खाज. एसटी गावाच्या फाट्यावर सोडते. अशा माणसाला दोन लाखांत स्वतःची पिकअप मिळत असेल, तर ती त्याला गाडी वाटत नाही, सुटका वाटते. मलाही वाटली.

२०१९ च्या दसऱ्याला मी २०१० सालची पिकअप घेतली. किंमत दोन लाख दहा हजार. त्यातले एक लाख चाळीस हजार कर्जाने. जिल्ह्याच्या गावी बायपासवर जुन्या गाड्यांचा अड्डा आहे, तिथून. गाडी नवरीसारखी सजवलेली होती. टायर काळ्या पॉलिशने चमकत होते. इंजिन धुतलेले. मीटरवर नव्वद हजार किलोमीटर. नऊ वर्षे भाड्याने पळालेली गाडी वर्षाला दहा हजारच किलोमीटर चालली, यावर मी विश्वास ठेवला. अड्डेवाला म्हणाला, "घरगुती वापराची आहे, दादा." पिकअप, आणि घरगुती वापराची! आज आठवले की माझे मलाच हसू येते.

आणि गाडी सुरू करून दाखवली ती गरम. मी पोचायच्या आधी त्याने ती अर्धा तास चालवून ठेवली होती. ही मेख मला फार उशिरा कळली. थकलेले डिझेल इंजिन गरम असताना निमूट चालू होते. त्याचा खरा आजार दिसतो पहाटे, रात्रभर थंड पडल्यावर. सेल्फ किती वेळ घरघरतो, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, तेव्हा कळते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जाते आहे किंवा डिझेल नीट जळत नाही. काळा म्हणजे नोझल किंवा पंप बिघडलेला, नाहीतर हवा कोंडलेली. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो, वशिंडावर हात फिरवतो. दोन लाखांची गाडी घेताना मी सीटवर हात फिरवला.

आमच्या तालुक्याच्या मिस्त्रीचाचांनी पहिल्याच महिन्यात बॉनेट उघडून ऑइलचे झाकण काढले. चालू इंजिनातून फुसफुस वाफ आणि धूर बाहेर येत होता. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही गाडी नाही घेतली. त्यानं जे काम करायचं टाळलं ते काम घेतलं."

हे वाक्य मी त्या दिवशी कानाआड केले. भावांनो, सगळे मर्म त्यात आहे. गाडी कोणी कधी विकतो? क्लच संपत आला, टायर गुळगुळीत झाले, इंजिन ऑइल खायला लागले, पुढच्या महिन्यात पासिंग आहे, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत लाखभर घालावे लागणार हे कळले की विकतो. तो लाख तो घालत नाही. तीस हजार किंमत उतरवतो, वर रंग मारतो आणि उरलेले आपल्या गळ्यात बांधतो. ज्याला आपण स्वस्त म्हणतो ती नुसती उधारी असते, आणि वसुलीला गॅरेजवाला येतो.

माझी वही काढतो. बायकोने आग्रह केला म्हणून मी प्रत्येक बिल लिहीत गेलो, तेवढे एकच शहाणपण माझ्या हातून झाले. पहिल्या वर्षी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मजुरीसह ९,५००. टायर चार, त्यातले दोन रिमोल्ड, २४,०००. बॅटरी ६,०००. मागचे पाटे तुटले, ७,०००. एकूण ४६,५००. दुसऱ्या वर्षी इंजिनाचे पूर्ण काम ७८,००० आणि चार नोझल व पंप २६,०००, मिळून १,०४,०००. तिसऱ्या वर्षी डिफरेन्शिअल २२,०००, ब्रेकचे काम ११,५००, सेल्फ आणि अल्टरनेटर ८,५००, आणि पासिंगसाठी गंजलेला पत्रा, वेल्डिंग, रंग २७,०००. म्हणजे ६९,०००. तीन वर्षांची नुसती दुरुस्ती २,१९,५०० रुपये. गाडीची किंमत होती २,१०,०००. म्हणजे तीन वर्षांत मी तीच गाडी दुसऱ्यांदा विकत घेतली, आणि तरी माझ्याजवळ एकच गाडी होती.

इंजिन का मेले ते चाचांनी मला उघडून दाखवले. ते इथे लिहितो, कारण ते आपल्याच मातीचे आणि आपल्याच पाण्याचे काम आहे. पांदणीतून गाडी जाते तेव्हा उडणाऱ्या धुळीत बारीक, कणखर रेती असते. एअर फिल्टरचा कागद ती अडवतो. आधीच्या मालकाने डुप्लिकेट फिल्टर घातला होता आणि नवा घेण्याऐवजी त्यालाच कॉम्प्रेसरची हवा मारमारून कागद फाडला होता. रेती सरळ आत गेली. रिंगा आणि सिलिंडरचा बोअर कानशीने घासावा तसे घासले गेले. कॉम्प्रेशन गळाले, ऑइल वर चढू लागले. दुसरे कारण पाणी. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचे असते, आपण शेतातल्या बोअरचे पाणी ओततो. आपल्या भागातले पाणी क्षाराचे. चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर चढतो तसा रेडिएटरच्या बारीक नळ्यांना चढतो. पाणी फिरत नाही, इंजिन तापते, हेड वाकते, गॅसकेट उडते. एका बोअरचे पाणी दुसऱ्या बोअरचा जीव घेते, असे चाचा म्हणतात. त्यात आपला भार. कागदावर सव्वा टनाची गाडी, आपण भरतो पंचवीस क्विंटल, वर चार माणसे, आणि रस्ता म्हणजे काळ्या मातीत वाळलेल्या चाकोऱ्या. पाटे तुटणार नाहीत तर काय होईल?

गॅसकेट उडाले ते २०२० च्या डिसेंबरात, संध्याकाळी, खरेदी केंद्र अकरा किलोमीटर राहिले असताना. मागे सोळा क्विंटल कापूस. रात्रभर गाडी रस्त्याच्या कडेला आणि वरून दव. ताडपत्री होती, पण ती एका बाजूने फाटलेली, तीही गाडीसोबत जुनीच आलेली. सकाळी ट्रॅक्टरने ओढत नेली. केंद्रावर ओलावा निघाला चौदा टक्के. बाराच्या वर केंद्र घेत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तिथेच बाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला क्विंटलमागे सहाशे कमी घेऊन दिला. सोळा गुणिले सहाशे, नऊ हजार सहाशे. हे माझ्या वहीत दुरुस्तीच्या पानावर नाहीत. त्याच वर्षी उन्हाळ्यात टाळेबंदी होती, गॅरेज बंद, स्पेअर बंद, कापूस घरात. मला वाटले होते की अशा वेळी स्वतःची गाडी कामी येईल. ती पाटे तुटून अंगणात बसली होती. कोंबड्यांची सोय झाली.

बायको म्हणाली, "गाडीले जेवढं खाऊ घातलं, तेवढं बैलाईले घातलं असतं तं बैल बोलू लागले असते."

आता पूर्ण हिशेब ऐका. २०२२ च्या दिवाळीत गाडी विकली ९५,००० ला. म्हणजे किमतीत घट १,१५,०००. दुरुस्ती २,१९,५००. विमा, पासिंग, नाव चढवणे, एजंट, तीन वर्षांचे मिळून ७३,०००. कर्जाचे व्याज ४४,०००. झाले ४,५१,५००. माझ्या स्वतःच्या फेऱ्यांचे डिझेल ७२,०००. एकूण ५,२३,५००. दुसऱ्यांची भाडी मारून डिझेल वजा जाता मिळाले १,३५,०००. ते वजा केले तरी मला गाडी ३,८८,५०० ला पडली. या तीन वर्षांत माझ्या घरचा कापूस, ज्वारी, कडबा, खताची पोती धरून वर्षाला साठेक फेऱ्या झाल्या. फेरीला बाराशे भाडे दिले असते तर तीन वर्षांचे २,१६,००० झाले असते. नुकसान १,७२,५००. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ६,३८० रुपये. भागून पाहा. सत्तावीस क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहूत हा पाच एकरांचा सबंध हंगाम आहे. माझी चालवण्याची मजुरी यात एक रुपयाही धरलेली नाही, आणि तीन वर्षांत सत्त्याण्णव दिवस गाडी गॅरेजात उभी होती, ते दिवसही धरलेले नाहीत.

ज्याला आपण कृषिमूल्य आयोग म्हणून शिव्या देतो, तोसुद्धा अवजारांचा घसारा आणि दुरुस्ती शेतीच्या खर्चात धरतो. कमी धरतो, कागदावर धरतो, पण धरतो. आपण आपल्याच दारातल्या गाडीचा घसारा शून्य धरतो. मग भावाच्या आंदोलनात कोणत्या तोंडाने म्हणायचे की आमचा खर्च निघत नाही? निघत नाही हे खरेच आहे. पण किती निघत नाही, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

पैशाचे एवढे पुरे. आता जे सांगायला मला जड जाते ते सांगतो. २०२२ च्या जानेवारीत शेवटच्या वेचणीला चौदा बाया गाडीच्या मागे बसवून नेत होतो. नाल्याच्या उतारावर ब्रेकचे पायडल सरळ खाली गेले. पंधरा दिवसांपासून पायडल मऊ लागत होते. दोनदा मारले की ब्रेक लागायचा, मला सवय झाली होती. मागच्या चाकाच्या सिलिंडरचे रबर गळत होते. ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून मी बदलले नव्हते, आणि आधीच्या मालकानेही बदलले असेल असे वाटत नाही. ते ऑइल हवेतला ओलावा पिते आणि उतारावर ब्रेक तापला की त्यातले पाणी उकळते. मग पायाखाली नुसती वाफ उरते. मी गाडी डावीकडच्या पऱ्हाटीत घातली. पऱ्हाट्या मोडत मोडत ती थांबली. एका बाईचे मनगट मोडले, बाकीच्यांना खरचटले. उजवीकडे नाल्याचा काठ होता.

रबराच्या त्या किटची किंमत काहीशे रुपये. मी ते काम पुढे ढकलले होते, कारण त्या महिन्यात कर्जाचा हप्ता होता. आधीच्या मालकाने जे माझ्याशी केले तेच मी त्या चौदा जणींशी केले.

नंतर वकिलाकडून कळले ते आणखी ऐका. मालवाहू गाडीत भाड्याने किंवा फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर बांधत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात हे स्पष्ट केले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस याची गोष्ट वेगळी. वेचणीला नेलेल्या बायांची नाही. त्या दिवशी कोणी गेले असते तर भरपाई माझ्या शेतातून द्यावी लागली असती, आणि शेत विकून कोणाची माय परत येत नाही. आज आपल्या तेवीस गाड्यांपैकी किती जणांत बाया बसतात? हात वर करायला सांगत नाही.

कागदाचे आणखी एक. जुनी गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आपण कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो आणि घरी येतो. २०१८ साली नवीन कुमार खटल्यात न्यायालयाने सांगितले की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, गाडी मधे चार हात फिरली तरी. मी स्वतः गाडी विकली तेव्हा नाव उतरल्याशिवाय किल्ली दिली नाही. अड्डेवाला रागावला. रागावू द्या.

व्हॅनवाले इथवर वाचून हसत असतील, की हे पिकअपचे रडगाणे आहे. त्यांनी हसू नये. ओम्नी ही गुणाची गाडी, १९८४ पासून २०१९ पर्यंत निघाली, तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे साधे इंजिन, कोणताही मिस्त्री डोळे मिटून खोलतो. मान्य. पण ती आता निघत नाही, म्हणजे आज जी मिळेल ती जुनीच, आणि दर वर्षी आणखी जुनी. खालचा पत्रा गंजतो, सरकत्या दाराची पट्टी निघते, आणि इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे तापले की पहिली खबर चालवणाऱ्याच्या बुडाला मिळते. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉलला आपला विरोध नाही, ते शेतकऱ्याच्याच पिकातून येते. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत. उभ्या गाडीच्या टाकीत ते ओलावा ओढते. उसाचा भाव ऊसवाल्याला आणि फुगलेली नळी कापूसवाल्याला. व्हॅन असेल तर नळ्या पाहून घ्या, पेट्रोलचा वास आला तर सीट उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथवर मी आपल्याच अंगावर कोरडे ओढले. आता राज्यकर्त्यांचे.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या नकोत असे हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली ठरवले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बरे झाले, हवा घाण होती. मग त्या गाड्या भंगारात गेल्या का? ना-हरकत पत्र घेऊन दुसऱ्या राज्यांत विकायची मुभा ठेवली. जी गाडी दिल्लीच्या पोरांच्या फुप्फुसाला चालत नाही, ती आमच्या पोरांच्या फुप्फुसाला चालते, वर आम्ही तिचे पैसेही द्यायचे. शहराने वापरून टाकायचे आणि खेड्याने दुरुस्त करत बसायचे, हा व्यवहार साऱ्या देशाचा झाला आहे. आणि आम्ही त्याच जुन्या गाडीचे पासिंग करायला गेलो की २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फिटनेसची फी कित्येक पट वाढवून ठेवलेली. वाईट गाडी रस्त्यावरून हटावी म्हणून फी वाढवली म्हणतात. गाडी हटत नाही, पासिंग करायचे राहते. आणि पासिंग नसलेली गाडी म्हणजे विम्याच्या दारात कागदाचा तुकडा.

कराचे पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा अठरावरून पाच. चांगले केले. पण शेतातून कापूस बाहेर काढतो ट्रॅक्टर आणि केंद्रावर नेते पिकअप. एकाच कापसाचा अर्धा रस्ता शेतीचा आणि अर्धा रस्ता चैनीचा कसा? पिकअपचे टायर, क्लच प्लेट, नोझल यांवर आजही अठरा टक्के आहेत. माझ्या दुरुस्तीतला मोठा भाग सुट्या भागांचा होता. त्या प्रत्येक बिलातून सरकारने आपला वाटा घेतला आणि मोबदल्यात पांदण दिली नाही.

आणि कंपन्या. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सीसीआयने (कापूसवाल्या नव्हे, स्पर्धा आयोगवाल्या) चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला. गुन्हा काय? अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, गिऱ्हाइकाला आपल्याच दारात बांधून ठेवतात. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही होत्या. वर्षअखेर पोर्टल काढले. पोर्टल काढणे हे आपल्या सरकारचे आवडते काम आहे. चाचांच्या गॅरेजात मात्र त्याने एक पानाही आला नाही.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत, आणि आपली पोरे त्या घ्यायला निघाली आहेत. त्या गाड्यांच्या सायलेंसरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने पळावी लागते. आपली गाडी शेत ते घर, घर ते फाटा. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी स्वतःच आपली ताकद कमी करून बसते. स्कॅनर लावल्याशिवाय कोणाला काही कळत नाही, आणि स्कॅनर आहे साठ किलोमीटरवर. काही अड्डेवाले तो फिल्टर काढून, दिवा बंद करून गाडी विकतात. ते बेकायदा आहे, आणि पकडली गेली तर मालक तुम्ही. माझी २०१० ची गाडी निदान चाचांच्या हातोड्याला ओळखत होती.

कोणी म्हणेल, मग करायचे काय, परत खेडा खरेदीवाल्याच्या पाया पडायचे? नाही. जुनी गाडी कोणालाच परवडत नाही असेही मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या गावी भाजीवाला आहे, वर्षाला अडीचशे दिवस गाडी चालवतो, स्वतः अर्धा मिस्त्री आहे, त्याला परवडते. साठ फेऱ्यांच्या कापूसवाल्याला एकट्याने परवडत नाही. त्याच गावात चौघा घरांनी मिळून एक गाडी घेतली आहे, चार वर्षे वापरलेली. ज्याची फेरी, तो किलोमीटरमागे तीन रुपये डब्यात टाकतो. डबा फक्त दुरुस्तीचा, लग्नाला नाही, तेरवीला नाही. ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलतात, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. पहिल्या वर्षी भांडणे झाली, कोणाची फेरी आधी यावरून. हंगामाच्या आधी चिठ्ठ्या टाकायला लागल्यावर मिटली.

आणि घ्यायचीच असेल तर पहाटे जा, न सांगता. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागले तर परत या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर परत या. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गियरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक, फिरतच राहिले तर प्लेट गेली. जॅक लावून पुढचे चाक वर-खाली हलवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरची काळी पॉलिश त्यावर काही करू शकत नाही. चेसिस खालून पाहा, वेल्डिंग दिसले तर किंमत विचारूच नका. गाडीवर कोणाचे कर्ज आहे का, फिटनेस कधी संपते, हे मोबाइलवर नंबर टाकून दिसते. पोराला सांगा. मिस्त्रीला पाचशे रुपये देऊन सोबत न्या. मी पाचशे वाचवले होते.

पुढच्या जिल्हा बैठकीत दुपारचे सत्र या विषयाला मागून घेतले आहे. दोन मागण्यांचे ठराव येतील. शेतमाल वाहणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांच्या टायर-सुट्या भागांना ट्रॅक्टरच्याच दराचा कर लावावा, आणि दुरुस्तीची माहिती, यंत्रे, अस्सल भाग कोणत्याही गॅरेजला विकण्याची कायद्याने सक्ती करावी. ठरावाला आकडे लागतात, आणि माझ्या एकट्याच्या वहीने काही होत नाही. ज्याच्या दारात गाडी आहे त्याने घेतलेली किंमत, साल, प्रत्येक दुरुस्ती आणि उभे राहिलेले दिवस एका कागदावर लिहून आणावे. बिले नसतील तर मिस्त्रीला विचारा, त्याच्या लक्षात असते. चाचा येणार आहेत. ज्यांच्या गाड्यांचे ब्रेक दोनदा मारल्यावर लागतात, त्यांनी त्या दिवशी गाडी घरी ठेवून एसटीने यावे.